निळं सूत

दोरखान्यातून घरी जायला दोन रस्ते होते. एक सरळ, सात मिनिटांचा. दुसरा नावा दुरुस्त करतात त्या आवारावरून वळसा घेत जाणारा, पाऊण तासाचा. गेले सात महिने ताई रोज दुसऱ्या रस्त्यानं जात होती आणि कुणी विचारलंच तर 'चाललं की गुडघे मोकळे होतात' असं सांगत होती. वय वर्षं एकोणतीस, गुडघ्यांना काय धाड भरली होती! दोरखान्यात सूत कातणाऱ्या मावशी तर तोंडावर म्हणायच्या, "गुडघ्याचं दुखणं नाही गं ते. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीस, त्याचं आहे." ताई हसायची नाही, रागवायचीही नाही. पिशवी खांद्याला लावायची आणि वळशाच्या रस्त्याला लागायची.

त्या आवारात एक माणूस पालथ्या घातलेल्या नावेवर बसून फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेला वाख, म्हणजे दोराचेच सुटे तंतू, ठोकत असायचा. डाव्या हातानं, म्हणून त्याला सगळे डावऱ्या म्हणत. ताई रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची. थांबायची नाही, हाक मारायची नाही. तोही वर बघायचा नाही. पण ती कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याचा हातोडा थांबलेला असायचा आणि ती वळली की पुन्हा ठकठक सुरू व्हायची. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारं सुख ते एवढंच. पाऊण तासाची पायपीट आणि मिनिटभराची शांतता. ती शांतता दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवावी लागे, आणि खरं सांगायचं तर ती पुरत नसे.

सात महिन्यांपूर्वी हाच माणूस तिच्यापासून दहा हातांवर काम करत होता. सगळा दोरखाना तिला ताई म्हणायचा, कारण तिचा धाकटा भाऊ म्हणायचा. तिच्या वडिलांच्या वयाचे बाप्येसुद्धा ताई म्हणायचे. एकटा डावऱ्या तिला काहीच म्हणायचा नाही. 'ते सूत मिळेल का', 'जरा इकडे बघता का', असं सगळं आडून आडून. आता गुपित ठेवायची ही काय रीत झाली? त्यानं मुकाट्यानं ताई म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तो म्हणत नव्हता, म्हणून महिन्याभरात सगळ्यांना कळलं.

तसं ते तिच्या वडिलांनाही कळलं. वडील दोरखान्याचे मिस्त्री. उंच भिंती रंगवणारे, मनोरे दुरुस्त करणारे लोक ज्या दोरांच्या भरवशावर लोंबकळतात, ते दोर तिथे वळले जात. मिस्त्रींच्या हातचा दोर असला की रंगारी वर चढताना बायकोला 'येतो' म्हणूनही सांगत नसे, अशी त्या हाताची ख्याती. त्यांनी डावऱ्याला महिनाभर नुसतं न्याहाळलं आणि एक दिवस लेकीला म्हणाले, "हात डावा आहे, पण माणूस उजवा आहे." झालं, तेवढ्यावर सोयरीक ठरली.

दोर कसा होतो हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बरीच सुतं एकत्र पिळली की पेड होतो, आणि तीन पेड एकत्र वळले की दोर. पेड पिळायला चार महिन्यांत कुणीही शिकतो. वळणं अवघड. तीन खाचांचा लाकडी ठोकळा तिन्ही पेडांच्या मधे धरून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, आणि एखादा पेड ढिला पडतोय का हे बोटांना कळायला पाहिजे. डोळ्यांना ते दिसत नाही. एक पेड ढिला राहिला तर सगळं वजन बाकीच्या दोघांवर येतं, आणि दोघं तिघांचं ओझं फार वेळ पेलत नाहीत.

दोरखान्याचे नियम दोनच. ज्यानं पेड पिळले त्यानं पेडाच्या पोटात आपल्या रंगाचं एक सूत घालायचं. मिस्त्रींचं लाल, धाकट्याचं पिवळं, डावऱ्याचं निळं. आणि ज्यानं दोर वळला त्यानंच आधी त्याच्यावर लटकायचं. शेडच्या टोकाला तीन मजली गोदाम होतं. वरच्या माळ्याला बाहेर उघडणारं दार आणि दारावर लोखंडी आकडा. कमरेला वाळूच्या दोन पिशव्या बांधायच्या, दारातून बाहेर लोंबकळायचं, तीन झोके घ्यायचे, मग दोर गिऱ्हाइकाच्या हातात. या नियमातून मिस्त्रींनी स्वतःच्या सासऱ्यालाही सूट दिली नव्हती म्हणतात. सासरेबुवा खाली उतरल्यावर वर्षभर जावयाशी बोलले नाहीत.

आदल्या हिवाळ्यात एका सकाळी मिस्त्रींनी चुलीवरची किटली उचलली. किटलीचा कान तापून लाल झाला होता. त्यांनी ती तशीच धरून दोघांचे पेले भरले, शांतपणे खाली ठेवली, आणि ताईला त्यांच्या बोटांवर फोड वर येताना दिसला. त्यांना तो दिसेपर्यंत कळला नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"झाले काही महिने. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

मग त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला. "धाकट्याला कळता कामा नये. कुणालाच कळता कामा नये. त्या पोराला वाटतं माझ्या हातात देव आहे. वाटू दे. मी आता वळायला बसणार नाही, तुम्हाला शिकायचंय असं सांगेन." आणि त्यांनी तसं केलंही. सगळ्यांना वाटलं, मिस्त्री मोठ्या मनाचे, तरुण हातांना पुढे करताहेत.

असे आठ महिने गेले, आणि मग तो दिवस आला. ताईनं आणि डावऱ्यानं एक भाड्याची खोली बघायची ठरवली होती, आणि घरमालकीण दुपारीच भेटायची. डावऱ्याचे तीन पेड पिळून तयार होते, वळायचं तेवढं राहिलं होतं. एक रंगारी दोरासाठी दारात उभा. धाकटा गाडी घेऊन माल पोचवायला गेलेला. ताई वडिलांना म्हणाली, "बाबा, याला आजची दुपार सोडा ना."

मिस्त्रींनी दोघांकडे बघितलं. हसले. "जा. पेड तर झालेत. मी वळतो."

तिनं तेव्हा नको म्हणायला हवं होतं. त्या बोटांचं काय झालंय हे सगळ्या दोरखान्यात तिला एकटीला ठाऊक होतं. पण तिला जायचं होतं. याहून मोठं कारण मी किती शोधलं तरी सापडत नाही. तिला जायचं होतं, आणि ती गेली.

खोली लहान होती, खिडकी मोठी. खाट कुठे बसेल म्हणून डावऱ्यानं भिंत वितींनी मोजली, मग तिनंही. तिच्या हिशेबानं अकरा विती, त्याच्या हिशेबानं नऊ, आणि त्या दोन वितींवरून ते दोघं इतके हसले की घरमालकीण बघायला आली. परतले तेव्हा गोदामाखालच्या फरशीवर माणसं गोल उभी होती आणि मध्ये मिस्त्री पडले होते. वाळूच्या पिशव्या अजून कमरेला होत्या. एक फुटून वाळू सगळीकडे पसरली होती.

ताई रडली नाही. ती जिना चढून माळ्यावर गेली. आकड्याला तुटलेल्या दोराचा तुकडा लोंबत होता; खाली गेलेल्या तुकड्याचं टोक तर पडतानाच पार विस्कटलं होतं. दोन पेड तटकन तुटलेले, आणि तिसरा चांगला वीतभर जास्तीचा बाहेर लोंबत होता. सर्वांत शेवटी, एकटाच तुटलेला. त्यानं वजन उचललंच नव्हतं. पेडांत काही खोट नव्हती. खोट वळण्यात होती. दोरखान्यात वाढलेल्या पोरीला हे वाचायला किती वेळ लागणार?

आणि तिनं काय करावं? खाली वडिलांचा देह, आणि ही वर फरशीवर बसून तो तुकडा उसवायला लागली. पेडापासून पेड, सुतापासून सूत. मिस्त्रींचा हात चुकला असं जगात कुणी म्हणू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बापाला सोडून वर गेली म्हणून खालच्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. ते अगदीच खोटं नव्हतं. कारण उसवता उसवता आत काय निघणार हे तिच्या ध्यानातच आलं नाही. वळण मोडलं तशी वळण्यातली चूक पुसली गेली, आणि पेडांच्या पोटातून बाहेर आलं ते निळं सूत. धाकटा धावत वर आला तेव्हा तिच्या मांडीवर वाखाचा पिंजारलेला ढीग होता आणि त्यात तीन निळे धागे स्पष्ट दिसत होते.

धाकटा खाली उतरला आणि डावऱ्यासमोर उभा राहिला. "पेड तुझे?"

"माझे."

"घाईत पिळलेस?"

डावऱ्यानं वर माळ्याच्या दारातल्या ताईकडे बघितलं. मग म्हणाला, "घाईत होतो."

"तो वळला कुणी" हे धाकट्यानं विचारलंच नाही. बाबा लटकले म्हणजे बाबांनीच वळला, मग प्रश्नच मिटला, दोष पेडांचाच. आणि गंमत अशी, की गंमत कसली म्हणा, डावऱ्याचाही तोच विश्वास होता. मिस्त्रींचं वळण चुकेल हे त्याच्याही मनात आलं नाही. धाकटा त्याच्या अंगावर धावला, चौघांनी धरून ठेवला. "पुन्हा या दारात दिसलास तर याच आकड्याला टांगीन," धाकटा ओरडला. डावऱ्या मान खाली घालून गेला. तो कुणाला घाबरून गेला नाही. आपण एका भल्या माणसाचा जीव घेतला असं मानून गेला.

ताई त्या दिवशी बोलली असती तर एक वाक्य पुरलं असतं. आठवड्यानंतर दहा लागली असती. महिन्यानंतर तर सुरुवात कुठून करावी तेच कळेना. तोंड उघडावं तर मेलेल्या बापाला दिलेला शब्द मोडतो आणि भावाचा देव फुटतो. मिटावं तर जिवंत माणूस जळतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ही मध्ये सूत मोजत बसलेली.

धाकट्याचं मात्र दिवसेंदिवस बिघडत गेलं. आधी त्यानं परत आलेले जुने दोर उसवायला घेतले, प्रत्येकाच्या पोटात निळं शोधत. मग तो जेवताना वडिलांचा ठोकळा टेबलावर ठेवायला लागला. त्याच्यापुढे चहाचा पेला. ताई भांडी घासायला लागली की ओठांवर बोट धरायचा. "हळू. बाबा वळतायत." शेडमधून चालताना कुणाच्या तरी मागून चालल्यासारखा चालायचा, मध्येच थांबून 'हो, हो' म्हणायचा. आणि एखाद्या दिवशी अगदी पहिल्यासारखा असायचा. "ताई, जेवलीस का गं? वाळलीस किती." ते तिला जास्त सोसवत नसे. वेडा भाऊ तिला सांभाळता यायचा. शहाणा आला की त्याची इतकी आठवण यायची, की तो समोर बसलेला असतानाच तिला रडू यायचं.

एका दुपारी त्यानं तिला शेडमध्ये बोलावलं. नवा दोर होता, पिवळाधमक, सुरेख वळलेला. "बघ," तो अभिमानानं म्हणाला.

तिनं दोर बोटांतून सरकवला. एक पेड मऊ लागला.

"आत भुसा आहे," तो म्हणाला. "वरून तेवढं सूत. पण पोटात निळं घातलंय हं, नियम म्हणजे नियम." तो हसला, आणि तिनं दोर खाली ठेवला. "निरोप पाठवलाय त्याला. उद्या सकाळी ये, दोरावर लटक. वाचलास तर तुला माफ केलं."

"काय म्हणाला तो?"

"येतो म्हणाला."

त्या दिवशी ताई वळशाच्या रस्त्यानं गेली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा रस्ता ओलांडून पलीकडे गेली. डावऱ्या नावेवरून खाली उतरला. दोघांत दोन हातांचं अंतर राहिलं. त्याच्या मनगटावर डांबराचा डाग होता, तो आपल्या पदरानं पुसावा असं तिला इतकं वाटलं की तिनं हात मागे बांधून ठेवले.

"उद्या येऊ नकोस," ती म्हणाली. "दोर पोकळ आहे."

"असणारच. तुझा भाऊ मला माफ करायला बोलावेल, हे पटण्याइतका मी खुळा नाही."

"मग येतोस कशाला?"

त्यानं हातोडा नावेवर ठेवला. "मला झोप नाही गं. डोळे मिटले की ते पेड पुन्हा पिळायला घेतो. पहिला बरोबर येतो. दुसरा बरोबर येतो. तिसरा हातात घेतला की तू दारात उभी असतेस, चल म्हणतेस. पुढचं आठवत नाही. तिसऱ्यात मी सुतं पुरी घातली की नाही, तेच आठवत नाही."

सगळं तिच्या जिभेवर आलं. "तुझी चूक नव्हती," ती म्हणाली.

"तू असंच म्हणणार."

"नाही, खरंच. बाबांनी..." आणि ती थांबली. फोड आलेली बोटं तिला दिसली, आणि तो आवाज, कुणालाच कळता कामा नये. "बाबांनी तुला कधी दोष दिला नसता," तिनं वाक्य पुरं केलं. पोटात एक आणि ओठात एक. इतक्या जवळ येऊन ती परत फिरली, आणि मला विचाराल तर तिची सगळ्यात मोठी चूक ती माळ्यावरची नव्हे, ही होती.

तो जरासा हसला. "ती खोली गेली असेल."

"गेली. कोणी शिंपी राहतो. खिडकीत मशीन ठेवलंय."

"म्हणजे तू तिकडूनही जातेस," तो म्हणाला. तिला त्याच्याजवळ उभं राहायचं होतं, संध्याकाळभर, नुसतं. पण आवाराचा मालक बाहेर आला आणि तिला निघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. मावशी खाली फरशीवर उभ्या राहून दोघांना आळीपाळीनं शिव्या देत होत्या, आणि मधूनच पदर तोंडाला लावत होत्या. कामगार शेडच्या दाराशी गोळा झालेले. अडवायला धजावणार कोण? धाकट्याच्या हातात वाख कापायची सुरी होती. वर माळ्यावर तिघंच. धाकट्यानं दोर आकड्याला बांधला. डावऱ्यानं चपला काढून बाजूला नीट जोडीनं ठेवल्या आणि वाळूच्या पिशव्या कमरेला बांधायला घेतल्या. इतका शांत, की जणू कामावर आलाय.

"थांबा," ताई म्हणाली. रात्रभर तिनं हेच एक योजून ठेवलं होतं. "दोर त्यानं वळलेला नाही. तू वळलायस. ज्यानं वळला त्यानं आधी लटकायचं. बाबांचा नियम आहे."

तिला वाटलं होतं, भाऊ अडेल. चिडेल, शिव्या देईल, पण अडेल. माणसाला आपल्याच हातच्या पोकळ दोराची भीती वाटणारच. शहाण्या माणसाचा हिशेब तिनं वेड्याला लावला.

धाकट्याचा चेहरा उजळला. "बरोबर," तो म्हणाला. "विसरलोच होतो बघ. बाबा रागावले असते." त्यानं डावऱ्याच्या कमरेची पिशवी ओढून घेतली, स्वतःला बांधली, दोराचा फास काखेतून घेतला आणि दाराच्या उंबऱ्यावर एक पाय ठेवला. "मी आधी, मग तू. नाहीतरी मला तरी कुठं राहायचंय."

"तो दोर बाबांनी वळला होता!" ताई किंचाळली. "बाबांनी! त्यांच्या बोटांना काही कळत नव्हतं. हिवाळ्यापासून. तिसरा पेड ढिला राहिला. मी बघितलं. मीच उसवला तो दोर, तू यायच्या आधी, तुला दिसू नये म्हणून. पेड चांगले होते रे. तिन्ही चांगले होते."

धाकटा उंबऱ्यावर एका पायानं तसाच उभा. खाली मावशी गप्प झाल्या.

"किती ढिला?" त्यानं विचारलं. आवाज साधा, कामातला.

"वीतभर."

"बाकीचे दोन?"

"तटकन तुटलेले. एका जागी."

तो विचार करत राहिला. ओठ हलत होते, जणू पेड मोजतोय. मग म्हणाला, "एवढा ढिला. त्यांना चालताना कळायला हवं होतं."

"नव्हतं कळत."

"मागे एकदा," तो हळू म्हणाला, "मी गंमत म्हणून त्यांच्या हातातला ठोकळा मागून काढून घेतला होता. ते तसेच चार पावलं चालत गेले, हात धरलेला, रिकामा. मी हसलो. म्हटलं, बाबा, लक्ष कुठंय? ते पण हसले." त्याचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. "ताई, मला दिसलं होतं गं. मी बघितलं होतं."

त्यानं पाय आत घेतला. सुरीनं आपल्याच दोराचा फास कापला, खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. सात महिन्यांत त्याचं हे पहिलं रडणं. ताईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण तिच्या हातांखाली तो पीळ सुटत होता, धक्क्याधक्क्यानं, आणि त्या घटकेला तिला वाटलं, की आता सगळं मिळालं. भाऊ मिळाला. तोही मिळाला. तिनं मान वर केली.

डावऱ्या उरलेली पिशवी कमरेची सोडत होता. गाठ बसली होती, त्याला वेळ लागला.

"तू उसवलास?" त्यानं विचारलं.

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"हो," ती म्हणाली. तिसऱ्यांदा हो म्हणणं फार जड गेलं. त्यानं पिशवी भिंतीशी टेकवून ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

धाकटा हळूहळू माणसांत आला. ठोकळा टेबलावरून खाली आला, चहाचा तिसरा पेला बंद झाला. महिन्याभरानं तो स्वतः नावांच्या आवारात गेला, तासभर डावऱ्याशेजारी बसून आला, काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. पण पुढच्या सोमवारी डावऱ्या दोरखान्यात कामाला हजर झाला. आता दोघं मिळून दोर वळतात. हसतात, भांडतात, एका पेल्यातून चहा पितात. पुरुषांचं हे असं. एक दुसऱ्याचा जीव घ्यायला निघाला होता, आता सख्खे भाऊ.

आणि ताई? तिला आता वळशाचा रस्ता लागत नाही. माणूस दिवसभर समोर असतो. 'सूत द्या' म्हणतो, 'हे घ्या' म्हणतो, जड गठ्ठा उचलायला न सांगता हात लावतो. वाईट एक शब्द नाही. रस्त्याच्या पलीकडून ती जेवढी त्याच्याजवळ होती, तेवढी दहा हातांवरून नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. मावशींनाही कळलं, त्यांनी थट्टा बंद केली. त्यांची थट्टा बंद झाली तेव्हा ती खरी घाबरली.

एका दुपारच्या सुट्टीत ती उठून त्याच्यासमोर जाऊन बसली. "रागाव तरी," ती म्हणाली.

"राग नाही."

"मग काय आहे?"

त्यानं हातातलं सूत खाली ठेवलं. "सात महिने मी माणूस मारलाय असं समजून जगलो. तू रोज समोरून जायचीस. मला वाटायचं, बघा, बाप गेला तरी हिनं मला माफ केलंय. त्या एका गोष्टीवर मी दिवस काढले. आता कळतं, तसं काही नव्हतंच. माफ करण्यासारखं काही नव्हतं, आणि तुला ते ठाऊक होतं. ते दिवस आता मी आठवू कसे?"

"मी बाबांना शब्द दिला होता."

"हो. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित मीही पाळला असता." तो जराशानं म्हणाला, "पण तुझ्या जागी मी नव्हतो ना."

बाहेर कुणीतरी गाडीतून गठ्ठे उतरवत होतं. तिला त्याचा हात हवा होता, त्या अकरा की नऊ विती मोजणारा तो हात, आणि तो तिच्यापासून एवढ्याशा अंतरावर गुडघ्यावर पडला होता.

"मी वाट बघू?" तिनं विचारलं.

खोटं त्याला कधीच बोलता आलं नव्हतं. "किती दिवस, ते मला सांगता येणार नाही."

"किती ते मी विचारलंच नाही," ताई म्हणाली.

कामाची घंटा झाली तसा तो उठला, आणि ती सुताच्या गुंडाळ्या उचलायला गेली.